दगड क्रमांक एक

शनिवार, १३ सप्टेंबर. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. सुप्याजवळच्या एका वसाहतीच्या मोकळ्या जागेत, ईशान्य कोपऱ्यात, गवत कापायचं हिरवं मशीन दगडावर आदळलं आणि बंद पडलं. सुरू होऊन चार मिनिटं झाली होती. कापलेलं गवत एका बकरीच्या न्याहारीपुरतं होतं. जखमी कोणी नाही.

मशीनचा दांडा धरून उभे होते लालमहंमद शेख. वय एकसष्ट, मोजणी खात्यातून निवृत्त झालेले भूकरमापक. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनी मोजण्यात गेल्यामुळे त्यांना एक सवय लागली होती. काहीही घडलं की आधी घड्याळ बघायचं, मग दिशा बघायची आणि त्यानंतर वाईट वाटून घ्यायचं. त्यांनी खिशातली वही काढली, वेळ लिहिली, कोपरा लिहिला आणि पुढे लिहिलं, 'दगड क्रमांक एक.' मग त्यांना वाईट वाटलं.

"कसला आवाज झाला हो?" दारातून त्यांची बायको मेहताब हिने विचारलं.

"काही नाही. दगड."

"आणि आता आवाज का येत नाही?"

"तेच. दगड."

मोकळ्या जागेच्या पूर्वेला आबासाहेबांचं घर. ओट्यावर खुर्ची टाकून ते बशीतला चहा पीत होते. आबासाहेबांकडे दोन म्हशी होत्या, एक लिंबाचं झाड होतं आणि प्रत्येक गोष्टीवर एक मत होतं.

"मी काय म्हन्लो हुतो?" ते तिथूनच म्हणाले. "शनवारी लोखंड घरात आनू न्हाई. मागल्या शनवारी आनलं, ह्या शनवारी बसलं."

"आम्हाला शनिवार चालतो, आबासाहेब."

"तुम्हाला चालतो," मेहताब म्हणाली. "मशीनला चालतो का, ते विचारलं होतंत?"

हे सगळं अरफामुळे सुरू झालं होतं. अरफा ही शेखांची धाकटी मुलगी. पोलीस भरतीचा अर्ज भरून बसलेली. ९ ऑक्टोबरला तिची मैदानी चाचणी, आणि त्यात आठशे मीटर धावायचं. सराव कुठे करायचा, तर पुणे-नगर रस्त्याच्या कडेने, पहाटे, कंपन्यांच्या बसगाड्यांच्या सोबतीने. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात अशा एका बसचा आरसा तिच्या कोपराला चाटून गेला. कोपर सुजलं, बस गेली. शेखांनी त्याच दिवशी जाहीर केलं, की आजपासून रस्त्यावर धावणं बंद.

"मग कुठे धावू अब्बा? गच्चीवर?"

"मैदान करून देतो," शेख म्हणाले.

हे वाक्य त्यांनी जेवताना, घास हातात असताना उच्चारलं. घास खाली ठेवून बोलले असते तर कदाचित पुढचं टळलं असतं, असं मेहताबचं मत आहे.

मैदान म्हणजे वसाहतीची मोकळी जागा. वीस गुंठे, जवळजवळ चौरस. बारा वर्षांपूर्वी वसाहत पाडली तेव्हा तिची मोजणी खुद्द शेखांनीच केली होती, आणि मोजता मोजता जागा आवडली म्हणून निवृत्तीनंतर तिथंच घर बांधलं होतं. त्यांनी कागदावर हिशेब मांडला. हद्दीपासून एक मीटर आत, कोपरे गोल केले, तर एक फेरी बरोबर एकशे साठ मीटर. पाच फेऱ्या म्हणजे आठशे. असा बिनशेषाचा भागाकार आयुष्यात क्वचित येतो. शेख त्या कागदाच्या प्रेमात पडले.

अडचण एवढीच, की या वीस गुंठ्यांवर मांडीएवढं कुसळी गवत होतं आणि गवताखाली मुरूम आणि दगड होते. सल्ले लगेच आले. एकाने सांगितलं, जाळून टाका. जाळलं असतं तर गवताबरोबर विजेच्या तारा आणि आबासाहेबांचा कडबाही गेला असता. दुसऱ्याने सांगितलं, औषध मारा. पुंजाराम नावाच्या सद्गृहस्थांनी तर सल्ला देऊन न थांबता स्वतःच्या अकरा बकऱ्या आणून सोडल्या. बकऱ्यांनी कुसळीचा वास घेतला, एकमेकींकडे पाहिलं आणि शेखांच्या दारातला कढीपत्ता बुंध्यापर्यंत खाल्ला. त्यानंतर दोन दिवस मेहताब फोडणी देताना नवऱ्याकडे बघायची.

हायवेवर गॅरेज असलेल्या गोरक्षनाथचा सल्ला मात्र कामाचा होता. "शेखसाहेब, जुनं मशीन घ्या. पन दगडावरचं घ्या, बागंतलं नगं. मोठी चाकं बघा. आन पातं बिजागरीवर हालनारं बघा. दगड लागला की ते मागं सरतं. घट्ट बसवलेलं पातं मागं सरत न्हाई, ते मालकाला मागं सरवतं."

शेखांनी हे वहीत लिहून घेतलं आणि त्याखाली रेघ मारली. रेघ मारून झाल्यावर ते विसरले.

जुनी मशीनं मिळायची कारभारीच्या भंगाराच्या वखारीत. औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्या जे टाकून देत, ते कारभारी मांडून ठेवी. त्याच्याकडे गवताची दोन मशीनं होती. एक काळपट, पत्रा ठोकून ठोकून फणसासारखा झालेला, मागे सायकलची दोन चाकं. कुणा बागाईतदाराने संत्र्याच्या बागेत वापरलेलं. त्याची पाती बिजागरीवर लुळी लोंबत होती. दुसरं हिरवं, चकचकीत, एका कंपनीच्या फाटकामागच्या हिरवळीवर तीन वर्षं चाललेलं.

शेखांनी टेप काढला, पाणसळ काढली, वही उघडली. प्लगची वायर काढून त्यांनी दोन्ही मशीनांची पाती हाताने फिरवली आणि प्रत्येक टोक पत्र्याच्या काठापासून किती दूर राहतं ते मोजलं. शाफ्ट वाकलेला असेल तर इथं कळतं, ही पद्धत अगदी योग्य आहे. तेल बघितलं, हवेची जाळी उन्हात धरून बघितली, दोरी ओढून कितव्या वेळेला सुरू होतं ते लिहिलं. यात दीड तास गेला.

"साहेब," कारभारी म्हणाला, "मशीन घेताय का सोयरीक जमवताय?"

"चार मिलिमीटर," शेख म्हणाले. "तुमच्या काळ्या मशीनचं पातं एका बाजूला चार मिलिमीटर खाली उतरतं. हिरव्याचं अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही."

"काळं दगडात चालतंय. धा वर्षं चाललंय."

"चालत असेल. पण सरळ नाही."

ज्या माणसाने चौतीस वर्षं अर्ध्या वितीच्या फरकावरून भावाभावांतली भांडणं सोडवली, तो माणूस चार मिलिमीटर खाली उतरणारं पातं घरी नेणार नव्हता. त्यांनी मोजलं ते बिनचूक मोजलं. फक्त हिरव्या मशीनने जन्मात दगड पाहिला नव्हता, ही गोष्ट टेपवर येत नाही.

"आज शनिवार, तुम्ही लोखंड विकता?" निघताना शेखांनी विचारलं.

"लोखंड न्हाई विकत," कारभारी म्हणाला. "ह्ये मशीन हाय."

तर असं ते हिरवं मशीन १३ तारखेला चार मिनिटं चाललं. गोरक्षनाथने ते उलटं केलं, वाकलेल्या पात्याकडे पाहिलं आणि मग शेखांच्या वहीकडे पाहिलं. हे पाहणं शेखांना फार लागलं.

"शाफ्ट?" त्यांनी विचारलं.

"शाफ्ट वाचला. वरच्या चक्राची 'की', म्हंजी बारकी खुट्टी, तुटली. ती तुटायसाठीच असती. ती तुटली म्हनून बाकीचं ऱ्हायलं." गोरक्षनाथने पातं सोडवलं, ऐरणीवर ठोकून सरळ केलं, भिंतीतल्या खिळ्यावर मधोमध टांगून दोन्हीकडचं वजन सारखं केलं. "धार लई काढू नगा. दगडाच्या जागी वस्तऱ्यागत धार केली की ती दुमडती. जाड ठिवा. आन हवेची जाळी दर तासाला झटका, मुरमाची धूळ नाकातनं जाती, मशीन गुदमरतं."

मग त्याने जुन्या सायकलीची दोन चाकं मागे जोडली, पुढे लोखंडी पट्टी ठोकली आणि पातं जमिनीपासून चार बोटं वर घेतलं. मशीन आता काळ्या मशीनसारखं दिसू लागलं. हा मुद्दा कोणीही काढला नाही. आबासाहेबांनी काढला.

"त्यापरीस काळंच आनायचं हुतं."

शेखांनी ऐकलं नसल्यासारखं केलं. मशीन दुरुस्त झालं होतं, चाचणीला पंचवीस दिवस उरले होते, आणि त्यांच्या मनात आता एकच विचार होता. मशीन जर दगडाला सोसत नसेल, तर दगड काढायचे. सगळे.

कोणीही सुज्ञ माणूस फक्त धावायच्या रेषेवरचे दगड काढेल. शेखांनी पूर्ण वीस गुंठ्यांवर पाच-पाच मीटरच्या चौकटी आखल्या. जमिनीवर एक बोट जरी वर आलेला दगड दिसला, तरी त्यावर चुना टाकायचा, नंबर द्यायचा आणि उपटायचा, असा नियम केला. सकाळी सहा ते नऊ, संध्याकाळी पाच ते साडेसहा. अरफा घमेली वाहायची. "गोळाफेकीचा सराव होतोय," ती म्हणायची, आणि दगड ढिगावर टाकताना खांद्यातून फेकायची. आठ दिवसांत दोनशे चौदा दगड निघाले. शेखांच्या तळहाताला फोड आले, पाठ धरली. मेहताबने गरम तेल लावता लावता विचारलं, "एवढं काम नोकरीत कधी केलं होतं का?" त्यांनी वहीत त्या दिवशीचा आकडा दोनदा गिरवला.

दगड क्रमांक एक शेवटी ठेवला होता, कारण तो हलत नव्हता. रविवारी, २१ तारखेला, शेखांनी त्याला हात घातला. वरून वीतभर दिसणारा, चुन्याने पांढरा झालेला, खाली किती आहे याचा पत्ता नाही. कुदळीने काही झालं नाही.

"पहार घ्या माझी," आबासाहेब म्हणाले. पहार घेऊन ते स्वतः आले. पहिल्यांदाच ओटा सोडून आले, म्हणून शेखांना भरून आलं.

दोघांनी मिळून खणलं. दगडाच्या चारी बाजूंनी छोटे दगड ठासून बसवलेले होते, मग मुरूम चोपलेला, मग पुन्हा छोटे दगड.

"लई खोल बसलाय," आबासाहेब घाम पुसत म्हणाले.

"बसला नाही, कुणीतरी बसवलाय," शेख कौतुकाने म्हणाले. "बघा ना, किती मन लावून केलंय काम. आजकाल अशी भरणी कोणी करत नाही."

दोन तासांनी दगड निघाला. उभा, चौकोनी घडवलेला, कमरेएवढा. दोघांनी तो लोटत लोटत ढिगावर नेला. शेखांनी वहीत दगड क्रमांक एकपुढे बरोबरची खूण केली. संध्याकाळी चहा झाला. आबासाहेब म्हणाले, गोठ्याखाली भर टाकायची आहे, ढीग मी नेऊ का? शेख म्हणाले, न्या ना, उपकार होतील. सोमवारी सकाळी ट्रॉली आली, ढीग गेला, संध्याकाळपर्यंत गोठ्यात कोबाही झाला.

मंगळवारी आणि बुधवारी मशीन चाललं. खरोखर चाललं. तासाला एकदा थांबून शेख जाळी झटकत, पात्याचे बोल्ट आवळत, तेल बघत. कुसळीचे तुरे उडून त्यांच्या पायजम्याला चिकटत आणि मेहताब ते रात्री एकेक करून काढी, तरी गवत कापलं गेलं. गुरुवारी फक्कीने रेषा आखली. एकशे साठ मीटर. शुक्रवारी अरफा पहिल्यांदा धावली. वसाहतीतली चार माणसं बघायला उभी राहिली आणि शेखांनी हात मागे बांधून, आपला काहीच संबंध नसल्यासारखा चेहरा केला.

शनिवारी, २७ तारखेला, सकाळी आबासाहेबांचा गवंडी आला. दक्षिणेच्या विजेच्या खांबाला त्याने दोरी बांधली आणि दुसरं टोक उत्तरेला नेऊन खुंटीला बांधलं. आबासाहेबांना कंपाउंडची भिंत घालायची होती. खुंटी मोकळ्या जागेच्या हद्दीच्या आत आली होती. दोरी गुडघ्याएवढ्या उंचीवर, मैदानाला तिरकी छेदून गेली.

शेख शांतपणे गेले. हे त्यांच्या विषयातलं होतं.

"आबासाहेब, खुंटी आठ फूट आत आलीय. हद्द तिथे नाही."

"तितंच हाय. लिंबापासून सा पावलं."

"कोणाची पावलं?"

"माझी."

"आबासाहेब, हद्द पावलांनी ठरत नाही. इथे कोपऱ्यात दगड आहे. बारा वर्षांपूर्वी मी स्वतः पुरलाय. चारी बाजूंनी भर ठासून, मुरूम चोपून, वर छिन्नीने खूण..."

इथे शेख थांबले.

आबासाहेबही थांबले. गवंडी काही कळलं नाही तरी थांबला. कोपऱ्यात दगडाच्या जागी एक खड्डा होता, आणि शेख त्या खड्ड्याकडे बघत राहिले. चौतीस वर्षं त्यांनी गावोगाव सांगितलं होतं, की हद्दीचा दगड हलवणं हा गुन्हा आहे. नेवाशापासून अकोल्यापर्यंत शेतकऱ्यांना हे वाक्य त्यांच्या आवाजात आठवतं.

"पहार तुमची होती," शेवटी ते म्हणाले.

"नजर तुमची हुती," आबासाहेब म्हणाले.

गोठ्यात जाऊन पाहिलं. कोबा वाळला होता आणि त्यावर मोठी म्हैस रवंथ करत उभी होती. सरकारी खूण तिच्या नेमकी कुठल्या पायाखाली असावी याचा अंदाज शेखांनी मनात बांधला, पण वहीत लिहिला नाही.

"खड्डा आहे ना तिथे. खड्डा म्हणजेच हद्द," अरफा म्हणाली.

"खड्डे चिक्कार हायत. दोनशे चौदा," आबासाहेब म्हणाले. आणि ते खरं होतं.

"मी नकाशावरून पाच मिनिटांत जागा दाखवतो."

"दाखवाल हो. तुमी सरकारी असता तर मीच खुंटी उपटली असती. पन तुमी रिटायर. आन दगड तुमीच काढला. उद्या लोक काय म्हनतील, आबासाहेबानं कशावर भिंत घातली? शेजाऱ्याच्या शब्दावर?"

हे बोलणं इतकं नियमाला धरून होतं, की शेखांना संतापताही येईना. हेच त्यांनी स्वतः सांगितलं असतं.

सोमवारी ते ग्रामपंचायतीत गेले. मोकळी जागा पंचायतीची, म्हणून मोजणीचा अर्ज पंचायतीचा हवा. पंचायतीचं पत्र हवं तर सरपंचांची सही हवी, सरपंच भंडारदऱ्याला पाहुणे घेऊन गेलेले. पत्र मंगळवारी मिळालं. ते घेऊन शेख तालुक्याच्या मोजणी कार्यालयात गेले, आणि ज्या टेबलाच्या पलीकडे ते अकरा वर्षं बसले होते, त्या टेबलाच्या अलीकडे बसले. पलीकडे रेश्मा होती. तिला टेप धरायला त्यांनीच शिकवलं होतं.

"सर! तुम्ही? चहा सांगते."

"चहा नको. अर्ज आहे."

रेश्माने संगणकावर भरायला सुरुवात केली. गाव, गट, जागेचा प्रकार. मग तिचा हात थांबला.

"सर, खूण नाहीशी होण्याचं कारण. नैसर्गिक आपत्ती, नांगरट, अतिक्रमण, इतर."

"रिकामं सोड."

"रिकामं सोडलं तर पुढे जात नाही, सर." ती हळूच म्हणाली, "नैसर्गिक आपत्ती टाकू का? पाऊस झालाय यंदा."

शेखांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांच्या समोर दोन रस्ते होते, आणि एकावरून गेलं असतं तर कोणालाही काही कळलं नसतं. बाजूच्या टेबलावरचे दोघे जुने सहकारी कान लांब करून बसले होते.

"नैसर्गिक आपत्ती म्हणजे काय, हे मी तुला शिकवलं होतं ना?"

"हो सर."

"मग 'इतर' कर. आणि लिही. सदर दगड निवृत्त भूकरमापक लालमहंमद शेख यांनी गवत कापण्याच्या मशीनला अडथळा होतो म्हणून स्वतः काढला."

रेश्माने अक्षरं मोजली. "सर, शंभर अक्षरंच बसतात."

"मशीन काढून टाक," शेख म्हणाले. "नाव राहू दे."

मोजणीची तारीख मिळाली १४ ऑक्टोबर. चाचणी ९ ला.

घरी आल्यावर अरफाने सुचवलं, की रेषा आठ फूट आत घेऊ, फेरी थोडी कमी होईल, एक जास्त धावेन. शेखांनी मान हलवली. रेषा हलवली तर खुंटी मान्य केल्यासारखं होईल, आणि एकशे साठला पाचने गुणलं की आठशे येतात ते येणार नाहीत. "दोरीवरून उडी मार," ते म्हणाले. प्रत्येक फेरीत दोरी दोनदा आडवी येई.

"परीक्षेत उड्या नसतात, अब्बा."

"मग तिथे सोपं जाईल."

दरम्यान आठ दिवसांच्या उन्हा-पावसात गवत पुन्हा तीन बोटं वाढलं आहे. मशीन दर दोन दिवसांनी फिरतं. दोरीजवळ मात्र शेख मशीन थांबवतात आणि दोरीखालचं गवत विळ्याने कापतात, कारण वादातल्या जागेत यंत्र चालवू नये, असा नियम आहे. तो नियम कुठे लिहिला आहे, हे मेहताबने विचारलं, त्यावर त्यांनी विळ्याला धार लावली. हिरव्या मशीनचं पातं आता एका बाजूला साडेतीन मिलिमीटर खाली उतरतं. आबासाहेबांनी भिंत थांबवली आहे, खुंटी काढलेली नाही. म्हैस आहे तिथेच आहे.

सोमवार, ६ ऑक्टोबर. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. अरफा सुरुवातीच्या रेषेवर उभी असताना दिसलं, की दोरीला दोन ठिकाणी लाल चिंध्या बांधल्या आहेत, बरोबर ती जिथून उडी मारते तिथे. आबासाहेब ओट्यावर चहा पीत होते आणि दुसरीकडे बघत होते.

"चिंध्या कुणी बांधल्या?" शेखांनी विचारलं.

"पोरगी अडकून पडंल अंधुक उजेडात," आबासाहेब म्हणाले. "हद्दीचा काय संबंध न्हाई त्याच्याशी."

शेखांनी घड्याळ बघितलं आणि हात खाली आणला. वहीतली त्या दिवशीची नोंद अशी आहे: आठशे मीटर, तीन मिनिटं चार सेकंद, दहा उड्या धरून.